पाऊण बोट

नरकचतुर्दशीच्या पहाटे पेणच्या रामवाडीत सर्वांत उशिरा आंघोळ होई ती आमच्या घरी. शेजारीपाजारी तीन-साडेतीनलाच बंब पेटत, उटण्याचा वास कुंपणावरून आमच्याकडे येई, कोणाचा तरी पहिला फटाका वाजे, कोणी अंगठ्याखाली कारीट फोडून मोकळा होई. आणि आम्ही पोरे मात्र चुलीशी हात शेकत कोरड्या अंगाने बसून असू. जो सूर्योदयापूर्वी न्हाणार नाही तो नरकात जातो, असे आई दरवर्षी न चुकता सांगे. माझ्या मनात येई, आम्ही नरकात जाणार ते आमच्या आळसापायी नव्हे, आजोबांच्या पायी जाणार.

आजोबा त्या वेळी मागच्या अंगणात उभे असत. खांद्यावर घोंगडी, दक्षिणेकडे तोंड, उजवा हात समोर ताणलेला. भाताच्या खाचरांपलीकडे जी काळी रेघ दिसे तिच्यावर ते चार बोटे आडवी टेकवीत; मग डाव्या हाताची चार बोटे त्यांच्यावर चढवीत; मग पुन्हा उजव्या हाताची. बारा बोटांच्या त्या शिडीच्या माथ्याशी एक मोठा पांढरा तारा असे. तो अगस्ती. आजोबा हात खाली घेत, घोंगडी सावरीत, आणि थोड्या वेळाने पुन्हा हात वर करीत. मध्येच कोणी विचारलेच तर एवढेच म्हणत, "चढतोय अजून."

शेवटी केव्हा तरी ते वळत आणि म्हणत, "स्थिरला." त्याबरोबर घरात धावपळ उडे. तेलाची वाटी पुढे येई, धाकटी आजी पदर खोचून उभी राही, आणि आमच्या दिवाळीला सुरुवात होई.

आजोबा एके काळी तांडेल होते. चौलच्या बाजूला त्यांचे मूळ घर. फत्तेमारीवर मलबारला, कराचीला आणि खजुराच्या मोसमात थेट बसऱ्यापर्यंत त्यांनी खेपा केल्या होत्या. मग एके दिवशी ते सगळे सोडून सासुरवाडीला, म्हणजे रामवाडीला, येऊन राहिले, आणि भात व मिठागर यांत आयुष्य काढले. का सोडले ते आम्हांला कोणी सांगितले नव्हते. घरात काही प्रश्न विचारायचे नसतात हे मुलांना न सांगताच कळते. त्यांतला तो एक.

आज रामवाडी म्हटले की माणसांना एस.टी.ची कार्यशाळा आठवते आणि मुंबई-गोवा महामार्गावरची वाहनांची रांग आठवते. माझ्या लहानपणची रामवाडी पाण्याच्या घड्याळावर चालत असे. समुद्र काही दारात नव्हता. पण भोगावती अंतोऱ्याच्या बंदराकडे वाहत जाई, तिथून धरमतरची खाडी, आणि खाडीतून मुंबई. मीठ आणि तांदूळ मचव्यांनी जात, आणि मचवा सुटायचा तो भरतीच्या हिशेबाने. हा हिशेब आजोबांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवला. तिथीला पाऊणपट करावे, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पुनवेला आणि अवसेला दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास आणि तशीच मध्यरात्री. चंद्र रोज सुमारे अठ्ठेचाळीस मिनिटे उशिरा येतो, म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक. त्याच्या मागोमाग पाणीही. माझ्या वर्गातल्या मुलांना पावकी-निमकी रडत पाठ करावी लागली. मला पाऊणकी समुद्राने शिकवली, असे मी पुढे पुष्कळ वर्षे ऐटीत सांगत असे.

पण खाडी ही खाडी. तिला दोन तीर असतात, चुकले तरी माणूस कोणाच्या तरी मिठागराला लागतो. मला कुतूहल होते ते पलीकडचे. जिथे चारी बाजूंना पाणीच पाणी, तिथे माणूस आपली जागा कशी ओळखतो? भूगोलाच्या पुस्तकात होकायंत्राचे चित्र होते. ते दाखवून मी एकदा आजोबांना म्हटले, "हे असलं की झालं ना?" ते हसले. "हे तोंड कुठे आहे ते सांगतं. पाय कुठे आहेत ते सांगत नाही."

पुढे मोठेपणी पुस्तके वाचली तेव्हा कळले, की आजोबांच्या त्या वाक्यात दर्यावर्दी विद्येचे सगळे कोडे आले होते. होकायंत्र हिंदी महासागरात आले त्याच्या कितीतरी आधीपासून माणसे हा समुद्र ओलांडीत होती. पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' म्हणून एक लहानसे पुस्तक आहे. त्यात आमचे चौल 'सेमुल्ला' या नावाने येते. एवढ्या मोठ्या जगात आपल्या आजोबांच्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी कोणी लिहून ठेवले, हे वाचून मला जो आनंद झाला तो मी वर्णन करीत नाही. आपापल्या गावाचे नाव छापलेले पाहून ज्याला आनंद झाला आहे त्याला तो ठाऊकच आहे. तर हा ग्रीक गृहस्थ खलाशांना खुणा सांगतो. सिंधूच्या मुखाशी जाताना पाण्याचा रंग पांढुरका होतो. पाण्यात साप पोहताना दिसू लागले की जमीन जवळ आली असे समजावे. आणि साप कोणत्या जातीचे आहेत त्यावरून कोणता किनारा तेही समजावे. भडोचजवळ नर्मदेच्या तोंडाशी भरती इतकी भयंकर, की राजाच्या नोकरीतले कोळी होड्या घेऊन पुढे येत आणि परक्या जहाजांना वाट दाखवीत आत नेत.

या खुणांत गंमत आहे. साप, पाण्याचा रंग, दोरीला शिशाचा गोळा बांधून मोजलेले वाव, हे सारे कधी उपयोगी पडते? जमीन जवळ आल्यावर. बौद्ध सूत्रांत दिशा शोधणाऱ्या पक्ष्याचा दृष्टान्त आहे. व्यापारी तो बरोबर नेत, जमीन दिसेनाशी झाली की सोडून देत. त्याला किनारा दिसला तर तो गेलाच, न दिसला तर फिरून डोलकाठीवर. जातकांत एक सुप्पारक नावाचा वाटाड्या आहे, भडोचचा. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले. तरी व्यापाऱ्यांनी हट्टाने त्याला बरोबर नेले, आणि वादळात भरकटलेल्या जहाजावर तो समुद्रामागून समुद्र ओळखीत गेला. ही कथा मी प्रथम वाचली तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. त्याचे कारण पुढे येईल.

भर समुद्रात मात्र साप नाहीत आणि कावळेही नाहीत. तिथे आभाळ.

आभाळाची युक्ती सोपी आहे, इतकी सोपी की ती कोणी शोधून काढली असेल असेही वाटत नाही. ध्रुव क्षितिजावर जितके अंश, तितके आपले अक्षांश. उत्तरेला गेलो की ध्रुव चढतो, दक्षिणेला गेलो की उतरतो. ज्या गावाला जायचे त्या गावी ध्रुव किती वर दिसतो हे पाठ असले की पुरे. आधी त्या उंचीवर यायचे आणि मग ती उंची न सोडता पूर्वेला किंवा पश्चिमेला चालू लागायचे. गाव आज येईल की परवा, हे सांगता येत नाही. पण येईल ते तेच गाव येईल. अरबांनी यासाठी बोट हेच माप धरले होते. संपूर्ण वर्तुळाची त्यांनी दोनशे चोवीस बोटे केली, म्हणजे एक बोट सुमारे एक अंश छत्तीस कला. पुढे हात अवघडू नये म्हणून लाकडाची एक फळी आली, तिच्या मधोमध दोरी आणि दोरीला गाठी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची, वरच्या कडेला तारा आला की गाठ मोजायची. तिला 'कमाल' म्हणत. अहमद इब्न माजिद या अरब तांडेलाने पंधराव्या शतकाच्या अखेरीस या विद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. १४९८ साली मालिंदीहून वास्को द गामाला ज्याने सुमारे तेवीस दिवसांत मलबारच्या किनाऱ्यासमोर आणून सोडले तो वाटाड्या हाच, असे पुष्कळ दिवस मानीत. पण पोर्तुगीज बखरकार बारूश त्याला गुजरातचा म्हणतो. गामाने त्याला आपले तारे मोजण्याचे यंत्र मोठ्या दिमाखाने दाखविले, तेव्हा त्याला मुळीच नवल वाटले नाही, असेही बारूश लिहितो. मला तो माणूस फार आवडतो.

आता ध्रुवाबद्दल एक गुपित सांगायला हवे. दिवाळीच्या दिवसांत ते सांगू नये खरे. ध्रुव अढळ नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, म्हणून आपला हा ध्रुवतारा दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवापासून सुमारे बारा अंश दूर होता. चौलला येणाऱ्या त्या ग्रीकांच्या काळात नेमक्या ध्रुवस्थानी कोणताच ठळक तारा नव्हता. खलाशी उत्तरेकडच्या ताऱ्यांच्या फिरण्यावरून तो रिकामा मध्य ताडीत. शिवाय आपल्या अक्षांशांत ध्रुव असतो ठेंगणा. क्षितिजाजवळचे मळभ त्याला सहज गिळते. म्हणून शहाणा तांडेल एकट्या ध्रुवावर विसंबत नसे; दक्षिणेकडचा एखादा तारा जोडीला धरी. ध्रुव उतरला की तो चढणार, ध्रुव चढला की तो उतरणार.

आजोबांचा जोडीचा तारा अगस्ती. ते म्हणत, "हा इकडे आणि तो तिकडे, दोघं सारखे उभे राहिले की घर आलं." तीन वेळा चार बोटे, त्यांतले अर्धे बोट कमी, दोन्हीकडे तेवढीच. मला लहानपणी वाटे, हे आपले आजोबांचे बोलणे, घर म्हटले की म्हातारी माणसे असे काही तरी बोलतातच. कॉलेजात गेल्यावर एका रविवारी मी कागद घेऊन बसलो. पेणचे अक्षांश अठरा अंश चव्वेचाळीस कला, म्हणजे ध्रुव साधारण तेवढा वर. अगस्तीची क्रांती दक्षिणेला सुमारे बावन्न अंश बेचाळीस कला. नव्वदातून दोन्ही वजा केले. उरले अठरा अंश चौतीस कला! ध्रुव आणि अगस्ती ज्या रेषेवर नेमके सारख्या उंचीने उभे राहतात ती रेषा पेण, अलिबाग आणि चौल यांच्या डोक्यावरून जाते. मुंबईला गेलात की ध्रुव किंचित वर. रत्नागिरीला गेलात की अगस्ती वर. दोन समया सारख्या उंचीच्या ठेवाव्यात तशा त्या दोन ज्योती फक्त आमच्या या चिमुकल्या पट्ट्यात. अगस्ती समुद्र प्याला ही गोष्ट मी तेव्हापासून वेगळ्याच अर्थाने घेतो.

पण यात एक मेख आहे. ध्रुव जागचा फारसा हलत नाही. त्याला केव्हाही मोजा. अगस्ती उगवतो, चढतो, दक्षिणेला माथ्यावर येतो आणि उतरतो. मोजायचा तो माथ्यावर असताना. दिवाळी लवकर आली तर ही वेळ पहाटे पाचच्या सुमाराची, उशिरा आली तर पावणेचारची. म्हणजे नेमकी पहिल्या आंघोळीची. पण तो माथ्यावर आला हे कळणार कसे? गलबतावर घड्याळ नाही, असले तरी त्याचा भरवसा नाही. उपाय एकच. पुन्हा पुन्हा मोजायचे. वाढायचा थांबला की समजायचे. थंडीत, ओल्या फळीवर, झोप डोळ्यांवर असताना उभे राहायचे आणि 'चढतोय अजून' म्हणायचे.

१९६४ च्या दिवाळीपर्यंत आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कंदिलाचा उजेड कुठे आहे तेवढे त्यांना कळे. तारे गेले ते गेलेच. मी चौदा वर्षांचा होतो. त्यांनी मला आदल्या रात्री जवळ बोलावून सांगितले, "उद्या तू बघ. स्थिरला की मला सांग." बोटांचे माप मला येतच होते. हा मान मोठा होता. पण मान मिळाला त्या वेळी मी ज्या वयाचा होतो ते वय मानाचे नसते, फटाक्यांचे असते.

पहाटे मी अंगणात गेलो. अवसेच्या आदल्या रात्रीचे ते काळेभोर आभाळ, आणि मतलई वारा सुटलेला. खाचरांतून येणारा तो गार वारा अंगाला झोंबत होता. मी हात धरला. साडेदहा बोटे. पुन्हा काही वेळाने धरला. अकरा होत आली. शेजारच्या अंगणात माझे दोन मित्र न्हाऊन, नवे सदरे घालून, उदबत्तीने लवंगी लावीत होते. त्यांनी मला हाक मारली. मी तिसऱ्यांदा हात वर केलाच नाही. आत गेलो आणि म्हणालो, "आजोबा, स्थिरला."

ते भिंतीला धरून उठले आणि पाटावर येऊन बसले. धाकटी आजी तेलाची वाटी घेऊन पुढे आली. ही माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको. पांढरे लुगडे, मोकळे कपाळ. मला कळू लागल्यापासून ती आमच्याच घरात होती. थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करीत नसे, आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. जे काही सांगायचे ते आम्हा मुलांपैकी कोणाला तरी मध्ये घालून सांगायचे, ही त्या पिढीची रीत. तिने वाटीत बोट बुडविले; मग माझ्याकडे पाहिले; मग तशीच वाटी हातात घेऊन मागच्या दाराशी गेली. दारात क्षणभर उभी राहिली. परत आली आणि वाटी खाली ठेवली.

"सांग रे त्यांना," ती मला म्हणाली, "पाणी अजून तापलं नाही. बसा म्हणावं जरा."

बंबातून वाफेचा लोट निघत होता. त्याचे झाकण उडत होते. मी आजोबांना सांगितले, "पाणी अजून तापलं नाही."

आजोबा काही बोलले नाहीत. झाकणाचा आवाज त्यांच्या कानांवर पडत नव्हता असे म्हणता येणार नाही; डोळे गेले होते, कान शाबूत होते. आम्ही तिघे तिथे बसून राहिलो. आजी मधूनमधून दाराशी जाई. मी तिच्याकडे पाहण्याचे टाळीत होतो. शेजारचे फटाके संपले. बऱ्याच वेळाने ती आली, वाटी उचलली आणि मला म्हणाली, "सांग, तापलं."

दुपारी फराळाची भांडी घासताना तिने मला मागल्या पडवीत बोलाविले आणि ती गोष्ट सांगितली. रागावली नाही. राख लावून भांडे घाशीत होती, तशीच घाशीत राहिली.

१९३४ च्या आश्विनातली ती खेप. बसऱ्याहून खजूर भरून फत्तेमारी मुंबईला निघाली होती. दिवाळीपूर्वी पोचायचे होते. तांडेल आजोबा, आणि त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे हिचा नवरा, सुकाणूवर. समुद्रात असताना एके पहाटे उत्तरेला मळभ होते, ध्रुव दिसत नव्हता. दक्षिणेलाही ढग सरकू लागले होते. आजोबांनी अगस्ती मोजला आणि हाच त्याचा माथा असे ठरविले. धाकटा भाऊ म्हणाला होता, "दादा, चढतोय अजून." आजोबा म्हणाले, "आता ढगात जाईल. धर हेच." पुढच्या दोन रात्री आभाळ उघडलेच नाही.

तारा खाली दिसला, म्हणजे आपण फार उत्तरेला आहोत असा हिशेब झाला. म्हणून नाळ दक्षिणेकडे वळविली. खरे म्हणजे ते आधीच योग्य रेषेवर होते. खांदेरीचा दिवा दिसायला हवा त्या रात्री कुठलाच दिवा दिसेना. आणि पहाटे फुटत्या लाटांचा आवाज ऐकू आला तेव्हा समोर हर्णैच्याही खालचा खडकाळ किनारा होता. बाकीचे वाचले. सुकाणूवरचा वाचला नाही. वाचलेल्यांपैकी एका खलाशाने हे बोलणे आजीला सांगितले. आजोबांनी कधीच सांगितले नाही. तिनेही आपल्याला ठाऊक आहे असे कधी दाखविले नाही. त्या घटनेला तीस वर्षे झाली होती, आणि तीस वर्षे ती दोघे एका घरात राहत होती.

तो कॉलेजातला रविवार मी सांगितला. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी आणखी एक हिशेब केला होता. अगस्ती माथ्यावर येण्याच्या एक तास आधी मोजला तर आपल्याकडे किती खाली दिसेल? उत्तर आले सव्वा अंश. अंश म्हणजे साठ सागरी मैल. तेव्हा सव्वा अंश म्हणजे पाऊणशे मैलांच्या आसपास. मुंबईची वाट धरलेले गलबत गुहागरकडे उतरायला तेवढे पुरते. आणि बोटांत? पाऊण बोट. मराठीत हाताचेही बोट आणि पाण्यातलीही बोट, यावर लहानपणी आम्ही कोटी करीत असू. त्या दिवसानंतर मला ती कोटी करवली नाही.

लोक म्हणतात, दर्या खोल, म्हणून भीती. आजोबांचे म्हणणे उलट होते. खोल पाण्यात काही होत नाही, भय जमिनीचे. त्यांना १७ जुलै १९४७ ची आठवण काढलेली चालत नसे. त्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ, किनाऱ्यापासून हाकेच्या म्हणाव्या अशा अंतरावर, उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. आषाढाची अवस तोंडावर, आणि पावसाळी उधाण. नारळी पुनवेपर्यंत दर्या मिटलेला असतो, असे म्हणून आजोबा दुसरीकडे तोंड फिरवीत. आमच्या किनाऱ्याची अर्धी नौकानयनविद्या 'कसे जावे' याची आहे, आणि अर्धी 'केव्हा जाऊ नये' याची.

त्यानंतर आजोबांना एकच दिवाळी मिळाली. त्या पहाटे मी अंगणात इतका वेळ उभा राहिलो, की अगस्ती स्थिरला, उतरू लागला, पूर्व फटफटली, आणि आई आतून ओरडू लागली की आता खरोखरच सगळे नरकात जाणार. मी आत जाऊन म्हणालो, "स्थिरला." आजोबा म्हणाले, "केव्हाच स्थिरला असेल." आणि हसले. आजीही पदराआड हसली असावी. मला तेलाच्या वासात आणि धुरात नीट दिसले नाही.

आता मी पंच्याहत्तरीला आलो. गेल्या काही वर्षांत या जुन्या विद्येला पुन्हा बरे दिवस येत आहेत असे दिसते. अमेरिकेच्या नौदल अकादमीने ताऱ्यांवरून मार्ग काढण्याचे शिक्षण नव्वदीच्या अखेरीस बंद केले होते, ते २०१५ मध्ये पुन्हा सुरू केले. यंत्रे कोणी बंद पाडली तर काय, ही भीती. आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रातले जहाज पाहून, खिळ्यांनी न ठोकता काथ्याने फळ्या शिवून एक जहाज गोव्यात बांधले, आणि २०२५ च्या मेमध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. माझ्या नातीने हे जहाज मला फोनवर दाखविले. त्याच फोनवर ती आमच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश घरबसल्या सांगते. मी तिला विचारले, याला कसे कळते? ती म्हणाली, उपग्रह आपली वेळ पाठवितात. ती पोचायला किती उशीर झाला त्यावरून अंतर कळते. म्हणजे इथेही वेळ मोजायची आहेच. फक्त थांबण्याचे काम आता आपल्याकडे नाही.

गेल्या नरकचतुर्दशीला ती माझ्याबरोबर गच्चीवर आली. खाचरे आता राहिली नाहीत. महामार्गाच्या दिव्यांनी दक्षिणेचे आभाळ पिवळे केले होते, तरी त्या पिवळेपणाच्या वर अगस्ती होता. मागे वळून पाहिले तर ध्रुवही होता, धुरकट. माझा हात आता थरथरतो. पाऊण बोटाचा फरक त्याला कळायचा नाही. म्हणून मी तिला बोटे कशी धरायची ते दाखविले. तिने जीभ दातांत धरून, एकाग्र होऊन, पंजावर पंजा चढविला.

"अकरा," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. खाली बंबाचे झाकण वाजू लागले होते आणि सून जिन्यातून हाका मारीत होती. नातीने खाली पाहिले, माझ्याकडे पाहिले, हात दुखला म्हणून एकदा झटकला, आणि पुन्हा वर केला.